राजपुरीच्या पाण्यातले आवाज

मुरूड सोडून राजपुरीकडे निघालं की रस्ता डोंगराच्या कडेनं वर चढतो आणि एका वळणावर जंजिरा एकदम समोर येतो. तिथं सगळ्यांच्याच गाड्या थांबतात. खाली खाडीचं तोंड, मध्ये काळाकभिन्न किल्ला, पलीकडे दिघीचा डोंगर. डिसेंबरची सकाळ होती, पाणी निवांत होतं. आम्ही फोटो काढण्यात गुंतलो होतो आणि आमचा भाचा डिकीतून काढलेला एक केसाळ गोळा रस्त्याच्या कठड्यावर जपून ठेवत होता. शेजारच्या गाडीतल्या लहान मुलीनं आईला विचारलं, ‘‘मम्मी, ती मांजर जिवंत आहे का?’’

तो माईक होता. वारा थेट माईकवर आदळला तर नुसती घरघर टिपली जाते, म्हणून त्यावर असं लांब केसांचं कापड घालतात. भाच्यानं कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले आणि पाच मिनिटं तो जागचा हलला नाही. समोर जंजिऱ्यासारखा नजारा असताना डोळे मिटून उभा राहिलेला माणूस आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिला.

हा आमच्या आपाचा धाकटा मुलगा. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकतो. शेवटच्या वर्षाला त्यांना एक रचना करून द्यावी लागते. यानं ठरवलं होतं की सात मिनिटांचं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं. त्यात एकही वाद्य नको, एकही गळा नको, सगळं एकाच किनाऱ्यावरच्या समुद्राच्या आवाजांतून घडवायचं. किनारा त्यानं आजोळचा निवडला. आपानं आम्हा दोघांना बरोबर घेतलं त्याचं कारण मात्र वेगळं होतं. ‘‘तुम्ही दोघं शिक्षक आहात, तुमचं ऐकेल तो. आणि अब्बांना कळलं तर काय करायचं, तेही तुम्हीच बघा.’’

अब्बांना नातू ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ शिकतो एवढंच ठाऊक होतं. राजपुरीच्या त्यांच्या घरात टीव्ही आहे, पण तो बातम्यांपुरता. गाणंबजावणं त्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. लग्नाचा डफदेखील अंगणात वाजला, ओटीवर नाही. तीन दिवस त्याच घरात राहायचं होतं, आणि भाच्याच्या दोन बॅगा नुसत्या तारांनी भरलेल्या होत्या.

‘जंजिरा’ हा शब्द आमच्या उर्दूच्या वर्गात वर्षातून एकदा तरी फळ्यावर येतो. अरबीत जझीरा म्हणजे बेट. तोच शब्द कोकणी जिभेवर जंजिरा झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या सिद्दींनी या बेटावर आणि भोवतालच्या मुलखावर राज्य केलं, म्हणून हा मुलूख हबसाण. १९४८ साली संस्थान विलीन झालं. किल्ला मात्र तोवर कुणाच्याच हाती लागला नव्हता. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या तिथं नेतात. नाखवे आणि वाटाडे बहुतेक गावातलेच, आणि किल्ला दाखवताना ते सिद्दींची अशी बाजू घेतात की ऐकताना वाटावं, कालच दरबार उठला आहे.

होडी पार जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे ते दिसत नाही. तटाच्या दोन बुरुजांच्या आड तो लपलेला आहे. आत कलाल बांगडी तोफ, पडके वाडे, मशीद आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेली गोड्या पाण्याची तळी. वाचकांपैकी अनेकांनी हे पाहिलं असेल, म्हणून त्यात फार वेळ घालवत नाही. भाच्यालाही त्यात रस नव्हता. तो सरळ मागच्या अंगाला, खुल्या समुद्राकडे उघडणाऱ्या दर्या दरवाजाकडे गेला. तिथं तटाखालच्या खडकांत फटी आहेत. लाट आत शिरते, कुठंतरी खोल जाऊन अडते आणि परत येताना मोठा घोट घेतल्यासारखा आवाज करते. तो आवाज त्यानं वीस मिनिटं टिपला. मध्ये एक सहलीचा जथा आला, एका पोरानं ‘‘एऽऽ’’ करून प्रतिध्वनी काढून पाहिला. भाच्यानं काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी नाखव्यानं हाका मारमारून आम्हाला परत बोलावलं.

घरी येऊन आम्ही ते मुद्रण ऐकायला मागितलं. घोटाचा आवाज छान आला होता. मात्र त्याआधी मुरूडच्या पुळणीवर, सुरूच्या झाडांपुढं उभं राहून टिपलेल्या लाटा ऐकल्या आणि आमची निराशा झाली. एखादीनं गरम तेलात भजी सोडावीत, तसं काहीतरी वाजत होतं. ‘‘हा समुद्र आहे?’’ आम्ही विचारलं.

भाचा हसला. त्याचं उत्तर आम्ही शाळेत विज्ञानाच्या तासाला वापरायचं ठरवलं आहे, म्हणून इथं सांगतो. पेटीचा एक स्वर म्हणजे हवेची ठरावीक वेगाची थरथर. फुटणाऱ्या लाटेत मात्र लाखो बुडबुडे एकाच वेळी तयार होतात, आणि प्रत्येकाचा सूर निराळा. सगळे सूर एकत्र आले की कुठलाच सूर उरत नाही, नुसता सळसळाट राहतो. तळणं, पाऊस, जुन्या रेडिओची खरखर आणि लाट ही सगळी त्याच कुळातली. किनाऱ्यावर आपल्याला तो समुद्र वाटतो, कारण डोळ्यांना लाट दिसते, पायाला वाळू लागते, नाकात खारा वास असतो. माईकला यातलं काहीच मिळत नाही. उलट बाजूनंही हे खरं आहे. सिंथेसायझर नावाच्या यंत्रात अशी खरखर निर्माण करण्याची सोय असते. तिच्यातले वरचे सूर हळूहळू गाळत गेलं आणि पुन्हा सोडत गेलं की खोलीत बसल्याबसल्या लाट तयार होते. ऐकणाऱ्याला ती खऱ्या लाटेपेक्षा जास्त खरी वाटते.

‘‘मग इथवर यायचं कशाला?’’ आपानं विचारलं. प्रश्न वाजवी होता. पेट्रोलचे पैसे तिनंच दिले होते.

‘‘ती लाट राजपुरीची नसते ना, अम्मी,’’ तो म्हणाला.

या प्रकारच्या संगीताबद्दल आम्हाला आधी काही माहिती नव्हती. इलेक्ट्रॉनिक म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं वरातीतला डीजे येई. भाच्यानं तीन दिवसांत आम्हाला बरंच शिकवलं. १९४४ साली कैरोमध्ये हलीम अल-दब्‌अ नावाच्या तरुणानं रेडिओ केंद्रातलं तारेवर मुद्रण करणारं यंत्र मिळवलं, बायकांच्या ‘झार’ विधीतले आवाज टिपले आणि मग त्यांतले काही सूर गाळून, प्रतिध्वनी चढवून त्यातून एक नवीनच रचना केली. पॅरिसमधले लोक ज्याला आपला शोध म्हणतात, त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्या अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवून असं संगीत करणारी खोली उभी राहिली होती. आणि त्याही मागं गेलं तर नवव्या शतकातल्या बगदादचे बनू मूसा, ते तीन भाऊ, ज्यांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. हे शेवटचं नाव आम्हाला ठाऊक होतं. पण ते आम्ही मुलांना ‘मुस्लिम शास्त्रज्ञ’ या धड्यात शिकवतो. ते वाद्य होतं, हे सांगताना जरा घाईनं पुढं जातो, एवढं खरं.

दुसऱ्या रात्री आम्ही धक्क्यावर गेलो. उधाणाचे दिवस होते. राजपुरीत भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, हे गावातलं पोरही जाणतं. त्या हिशेबानं रात्री साडेदहाच्या सुमाराला पाणी भरणार होतं. दोन नाखवे जाळं सारखं करत बसले होते, त्यांना विचारून भाच्यानं पाण्यात एक तार सोडली. तारेच्या टोकाला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माईक. तो त्यानं स्वतःच बनवला होता. खेळण्यांत किंवा गजरात पीं पीं वाजणारी पितळेची पातळ चकती असते, तीवर दाब पडला की वीज उमटते. ती तारेला जोडून रबरात बुडवून वाळवली की झालं. खर्च एका जेवणाचाही नाही. मास्तर म्हणून आम्हाला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटलं.

हेडफोन आधी आम्ही लावले. वर सगळं शांत होतं. होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या, जमिनीवरून मतलई वारा सुटला होता. पाण्याखाली मात्र गोंगाट! कोरडा पाचोळा पेटल्यासारखं चटचट, चटचट, एक क्षणभरही न थांबता. आम्हाला वाटलं, यंत्र बिघडलं.

ते कोळंबीच्या जातीतले जीव. त्यांचा एक पंजा मोठा असतो. तो इतक्या झटक्यात मिटतो की पाण्याची पिचकारी उडते आणि तिच्यामागं क्षणभर एक पोकळ बुडबुडा तयार होतो. तो फुटतो त्याचा हा आवाज. जीव बोटाएवढा, पण असे हजारो तळाशी बसलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या चटचटीनं हैराण केलं होतं, तेव्हा कुठं शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. सूरह बनी इस्राईलमध्ये साऱ्या सृष्टीच्या तसबीहचा जो उल्लेख येतो, जी आपल्याला उमगत नाही, तो आम्ही कितीदा वाचला, कितीदा शिकवला. त्या रात्री धक्क्यावर तो आठवला. कोळंबीची चटचट म्हणजेच ती तसबीह, असा दावा आम्ही करत नाही, आठवला इतकंच.

इशाची अजान झाली तेव्हा वरचा माईक चालू होता. पाण्यावरून येणारी अजान जमिनीवरच्यापेक्षा निराळी ऐकू येते, लांबट आणि गार. भाच्यानं ती पूर्ण टिपू दिली, पण हेडफोन काढून मांडीवर ठेवले. नंतर आम्ही विचारलं, ही घेणार का रचनेत? तो म्हणाला, ‘‘नाही मामू. ही रेकॉर्डिंगमध्ये राहील. कापायची, ताणायची वस्तू नाही ती.’’ त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपा शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिनं बँकेच्या परीक्षेचा विषय त्या सहलीत काढला नाही.

साडेदहानंतर चटचटीत एक नवा आवाज आला. धडधड, धडधड, खालून, पोटातून आल्यासारखा. समोर पाण्यावर काहीच नव्हतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे खाडीच्या तोंडाबाहेरची बोट दिसण्याच्या किती तरी आधी तिचं इंजिन पाण्यात ऐकू येतं. ती जवळ येत गेली तशी कोळंबी पार झाकून गेली. बोट निघून गेली तर दुसरी आली. दीड तासाच्या मुद्रणात स्वच्छ म्हणावी अशी दहा मिनिटंही मिळाली नाहीत. भाचा वैतागला. ‘‘इंजिन काढायला दोन रात्री जातील,’’ म्हणाला.

आता अब्बांविषयी सांगायला हवं.

कोकणच्या मुस्लिम घरांत समुद्र म्हणजे जहाजाची नोकरी. रत्नागिरी-रायगडच्या गावोगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर गेली. डेकवर गेली ती खलाशी, सुकाणी, सारंग झाली. खाली गेली ती आगवाले, तेलवाले. मुंबईहून जिद्दाला हाजी घेऊन जाणारी जहाजं १९९५ पर्यंत चालली, त्यांवरही आपली माणसं होती. त्यांच्या आठवणी या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरी असतील. बहुतेक आठवणी बंदरांच्या असतात: जिद्दा, एडन, मोंबासा, कुणासाठी काय आणलं. इंजिनरूमच्या आठवणी कुणी सांगत नाही. अब्बांनी तीस वर्षं तेलवाला म्हणून तिथं काढली. पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, चाळीस अंशांच्या वर उष्मा. समुद्रावर असून समुद्र दिसायचा तो पाळी संपल्यावर. कानांवर घालायला काही द्यावं, असं त्या काळी त्यांच्या कंपनीला कधी वाटलं नाही. ते कानात कापूस घालत.

अशा गोंगाटात आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या. माणूस बहिरा दिसत नाही. खालचे आवाज त्याला नीट येतात. ट्रक येतो, दार आपटतं, पुरुष बोलतो, हे कळतं. जातात ते ‘स’ आणि ‘श’, चिमण्या, बायका-मुलांची बोलणी. आमची अम्मी शेवटची काही वर्षं अब्बांशी बोलायचं असलं की आमच्यातल्या कुणाला तरी सांगायची. मरहूम अम्मीचा आवाज बारीक होता. कानातलं यंत्र अब्बांनी दोन महिने वापरलं आणि घड्याळाच्या डबीत ठेवून दिलं. त्यातून सगळंच मोठं ऐकू येतं, म्हणतात, आणि नको तेच आधी.

तिसऱ्या दिवशी फज्रनंतर ओटीवर चहा झाला. भाचा लॅपटॉप उघडून रात्रीचं मुद्रण तपासत होता. त्यानं आणलेला स्पीकर लहान, पण चांगला होता. अब्बा कट्ट्यावर तसबीह घेऊन बसले होते. कोळंबीची चटचट चालू होती, ती त्यांना ऐकू येतच नव्हती. मग धडधड सुरू झाली आणि त्यांची बोटं थांबली.

‘‘कुणाची बोट आहे ही?’’

भाच्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही आपाकडे पाहिलं.

‘‘रात्री पाण्यात टिपलंय, नाना,’’ तो मोठ्यानं म्हणाला.

‘‘सहा सिलिंडरचं आहे. एक नीट पेटत नाहीये. ऐक.’’ अब्बांनी कट्ट्यावर बोटांनी ठेका धरला. पाच ठोके आणि सहावा लंगडा. पाच आणि लंगडा. आम्हाला आधी काहीच कळलं नाही. भाच्यानं पडद्यावर ती आवाजाची नक्षी मोठी करून पाहिली. दर सहावा डोंगर बुटका होता.

पुढचा तासभर आम्ही सगळे श्रोते. अब्बा म्हणाले, मोठ्या जहाजाचं इंजिन असं धडधडत नाही. ते हळू असतं, मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे. भाच्यानं हिशेब केला: सहा सिलिंडर, एकशे वीस फेरे, म्हणजे सेकंदाला बारा स्फोट. माणसाचा कान साधारण विसाच्या खाली ऐकत नाही. ‘‘म्हणजे नाना, तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं, जाणवत होतं.’’ अब्बांना हे पटलं. पायांना कळायचं, म्हणाले. बंकवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला कळायचं. समुद्राच्या मध्ये इंजिन बंद पडलं तर सगळं जहाज जागं व्हायचं, त्या शांततेनं.

भाच्यानं मग एक गोष्ट करून पाहिली. त्यासाठीच ही सगळी हकीकत आम्ही लिहायला घेतली. इंजिनाआधीचा, नुसत्या कोळंबीचा तुकडा घेऊन त्यानं त्याचा वेग एक चतुर्थांश केला. जुनी टेप हळू फिरवली की गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येई, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तसंच हे. वेग निम्मा झाला की प्रत्येक सूर एक सप्तक खाली येतो. चौथ्या हिश्शावर आणला तर चार हजारांचा सूर एक हजारावर येतो, आणि तिथं अब्बांचे कान शाबूत आहेत. स्पीकर त्यानं त्यांच्या गुडघ्याजवळ ठेवला.

टप. टप टप. टप.

‘‘पागोळ्या?’’ अब्बांनी छपराकडे पाहिलं. डिसेंबरात पाऊस कुठला!

‘‘पाण्याखालचे जीव आहेत, नाना. रात्रभर वाजतात. आपल्या धक्क्याखाली.’’

अब्बा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, लहानपणी ते चाच्यांच्या मचव्यात तळाच्या फळ्यांवर झोपत, कान लाकडाला टेकलेला असे, तेव्हा रात्रभर कुणीतरी लाकूड कुरतडतंय असं वाटे. चाचे म्हणत, लाकूड खाणारा किडा आहे, झोप. ‘‘किडा नव्हता तर,’’ ते म्हणाले. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज. आमच्या लेखी समुद्र म्हणजे पुळणीवरची लाट. अब्बांना त्याचे दोनच आवाज ठाऊक होते, एक तो फळ्यांखालचा आणि दुसरा इंजिनाचा. आणि भाचा त्यातलं इंजिन पुसून टाकायला निघाला होता.

यानंतर लपवण्यात अर्थ नव्हता. या आवाजांतून काय करायचं आहे, ते भाच्यानं सरळ सांगितलं. ‘संगीत’ हा शब्दही त्यानं टाळला नाही. अब्बा गप्प झाले. आपाचा चेहरा पाहवत नव्हता.

या प्रश्नावर आमचं मत विचारलं तर ते असं. आपल्या उलमांमध्ये यावर एकमत कधीच नव्हतं. बहुसंख्य फकीहांनी वाद्यं निषिद्ध मानली, हे खरं. इब्न हज्म यांनी त्या बंदीच्या आधारांवरच शंका घेतली. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहून हेतू, शब्द आणि ऐकणाऱ्याची अवस्था पाहायला सांगितलं. ज्यांना यापासून दूर राहायचं आहे त्यांचा आम्ही आदर करतो. पण घरातल्या पोरानं काय शिकावं यावर भांडताना या सगळ्या मोठ्या माणसांनी घेतली तितकीही तसदी आपण घेत नाही, नुसता दरवाजा लावून घेतो, आणि मग मुलं ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ शिकायला लागतात. हे आम्ही शाळेत वीस वर्षं पाहतो आहोत.

अब्बांनी यातलं काही काढलं नाही. ते म्हणाले, ‘‘यात बाई गाणार आहे?’’

‘‘नाही, नाना.’’

‘‘तबला, ढोल?’’

‘‘नाही. कोळंबी, तटाखालचं पाणी, होड्यांचे दोर. एवढंच.’’

‘‘आणि इंजिन?’’

‘‘ते काढणार होतो.’’

‘‘का?’’ अब्बा खरोखरच चकित झाले होते. ‘‘समुद्रावर इंजिन नाही तर काय असतं?’’

भाच्यानं नंतर आम्हाला सांगितलं की ल्युक फेरारी नावाच्या फ्रेंच संगीतकारानं ॲड्रियाटिक समुद्रातल्या कोर्चुला बेटावर, वेला लुका या गावात, खोलीच्या खिडकीत माईक ठेवून तिथली पहाट टिपली होती. ती रचना १९७० साली आली आणि या प्रकारच्या संगीतात ती आता मोठी मानली जाते. त्यातही होडीचं इंजिन आहे. फेरारीनं ते काढलं नाही. वर्गात हे शिकवलं होतं, म्हणाला.

परवानगी मिळाली असं आम्ही म्हणणार नाही. ‘‘तुझं तू बघ. माझ्या ओटीवर मगरिबनंतर नको,’’ इतकंच अब्बा बोलले. आपानं त्यातला दुसरा भाग धरून ठेवला, भाच्यानं पहिला. त्याच दुपारी आम्ही निघालो.

रचना फेब्रुवारीत तयार झाली. सात मिनिटं वीस सेकंद. सुरुवातीला तटाखालचा घोट, मग पागोळ्या, मग दोर कुरकुरतात आणि त्यांच्याखालून सहा सिलिंडरचं इंजिन लंगडत येतं. आम्हाला त्यातलं पुष्कळसं आवडलं. मधली दीड मिनिटं कंटाळवाणी वाटली, तेही आम्ही त्याला कळवलं. आपाच्या मोठ्या मुलानं सुट्टीत राजपुरीला जाऊन ती अब्बांना असरनंतर ऐकवली. रात्री अब्बांचा फोन आला. पोराला सांगा, म्हणाले, इंजिन असं एकदम चालू होत नसतं. आधी तेलाचा पंप लावतात, मग शाफ्ट हातभर फिरवून बघतात, मग हवा सोडतात, तिचा फुसकारा येतो, आणि मग पहिला ठोका. पहिला ठोका चुकतोच. भाच्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, हवेचा फुसकारा किती सेकंदांचा, नाना? दोघं फोनवर अर्धा तास त्यावरच बोलत होते.